पाय टेकले, पण…

शिंपी : आधी बसून तर बघ. उभ्या उभ्या काय वैतागतेस?

बायको : मी साधं विचारतेय. माझ्या मोटरसायकलच्या सीटला काय केलंत तुम्ही?

शिंपी : मापात आणली.

बायको : कुणाच्या मापात?

शिंपी : तुझ्याच. दुसऱ्या कुणाच्या? नवरा शिंपी आहे तुझा. तुझं माप मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

बायको : झोपेतच कापलेली दिसतेय.

शिंपी : हात फिरवून बघ जरा. एक टाका इकडचा तिकडे नाही. इतकं जाड रेक्झिन माझ्या मशीनखाली कधी गेलं नव्हतं. सुई मोडली, तरी शिवण सरळ आहे की नाही बघ.

बायको : अहो, सीट सपाट होती! इथून मागच्या दिव्यापर्यंत एका रेषेत. वर बोटाबोटाच्या अंतरानं आडव्या शिवणी. आता मध्ये झोळी झालीय नुसती.

शिंपी : झोळी कसली? बसायची जागा आहे ती. तिथं बसलीस की पाय टेकतील.

बायको : पाय टेकत नाहीत म्हणून मी तुमच्याकडे रडत आले होते?

शिंपी : तू कशाला येशील? मीच बघितलं ना. दुकानासमोरच्या उतारावर थांबलीस, पाय खाली सोडलास, आणि खाली रस्ताच नाही! गाडी आडवी, तू आडवी. माझ्या हातात एका बाहीचा कोट होता गिऱ्हाइकाचा, तो तसाच घेऊन धावलो मी.

बायको : धावलात खरे. आणि मला उठवायच्या आधी म्हणालात काय? ‘तरी मी सांगत होतो.’

शिंपी : तरी मी सांगतच होतो.

बायको : बघा!

शिंपी : गुडघा सोलवटला होता तुझा. दोन दिवस जिना एकेक पायरीनं चढत होतीस. मला वाटलं, आपल्या घरात कुणाच्या अंगावर काही सैल नाही, काही तंग नाही, आणि ही एवढी मोठी वस्तू दारात उभी आहे ती तुला होत नाही. लोक काय म्हणतील?

बायको : लोक काय म्हणतील म्हणून सीट कापलीत?

शिंपी : तसं नाही गं. तसंही थोडं आहे. पण रात्रभर मला तो पायच दिसत होता. खाली येणारा.

बायको : तो माझा पाय होता. आणि भाऊ शिकवत होता मला. थांबायच्या आधी एका बाजूला सरकायचं, एकच पाय पुरता टेकवायचा, दुसरा वरच ठेवायचा. जमायला लागलं होतं. त्या दिवशी रेती होती खाली, म्हणून घसरला.

शिंपी : एका पायावर उभं राहायचं? बगळा आहेस का तू?

मेहुणा : कोण बगळा? दार उघडंच होतं, म्हणून आलो आत. ताई, उद्याच्या ट्रिपची तयारी झाली ना? सगळे चौकात भेटतायत, उजाडता उजाडता निघायचं. म्हटलं तुझ्या चेनला तेल… अरे बापरे! दाजी, ह्या गाडीला काय झालं?

बायको : विचार तुझ्या दाजींना.

मेहुणा : पोटात कळ आल्यासारखी वाकलीय की ही.

शिंपी : तू बोलूच नकोस. तूच भरवलंस हिच्या डोक्यात. स्कूटर काय वाईट होती? पण नाही. म्हणे स्क्रँबलर मोटरसायकलच हवी! कोरी करकरीत गाडी, आणि दिसते माझ्या वडिलांच्या वेळची. टाकीला दोन्ही बाजूंनी रबराची ठिगळं. धुराडं खाली असायचं ते वर, मांडीशेजारी. गोल दिवा, तारांची चाकं. जुनीच हवी होती तर भंगारात मिळाली असती.

मेहुणा : दाजी, ती ठिगळं गुडघ्यांनी टाकी पकडायला असतात. धुराडं, म्हणजे सायलेन्सर, वर असतो कारण कच्च्या रस्त्यात दगडगोटे लागू नयेत, पाणी जाऊ नये. आता दर वेळी पाण्यातून कोण जातंय म्हणा. पण दिसायला बघा ना! उगाच प्लॅस्टिकची कवचं नाहीत, टोकं नाहीत. लहान पोराला गाडीचं चित्र काढायला सांगितलं तर तो अशीच काढेल.

शिंपी : म्हणजे शोभेचीच.

बायको : हो, शोभेची. मला शोभलीच म्हणून घेतली. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, टेकडीवरच्या टाक्यांमधून पाण्याचे नमुने आणायला खडीच्या रस्त्यानं जावं लागतं, स्कूटर घसरते. ते खरं आहे. पण घेतली ती त्यासाठी नाही. शोरूमच्या काचेआड उभी होती, आणि मी रस्त्याच्या पलीकडून परत आले तिला बघायला.

शिंपी : हे मला नव्हतं सांगितलंस.

बायको : तुम्ही विचारलं ते एवढंच, की हिच्यावर साडी नेसून कशी बसणार.

मेहुणा : ताई, बस बरं एकदा. बघू काय झालंय ते.

शिंपी : हां, बस. मी तेच सांगतोय मघापासून.

(बायको गाडीवर बसते. मेहुणा मागून गाडी धरतो.)

शिंपी : टेकले! बघ, टेकले की नाही? टाचेसकट! दोन्ही!

बायको : टेकले. आता पाय वर घेते. बघा गुडघे कुठं आलेत.

मेहुणा : हँडलच्या जवळ.

बायको : उकिडवी बसलेय मी. आणि हात? दोरीवर कपडे वाळत घालतेय असं वाटतंय. ब्रेक दाबला की सीटच्या ह्या उतारावरून सरकत थेट टाकीवर. पाय टेकले हो, पण पाय टेकून गाडी चालवतात का?

शिंपी : एवढं खोल कसं गेलं? मी तर बरोबर हिशेब केला होता.

मेहुणा : कुठून मोजलंत, दाजी?

शिंपी : जमिनीपासून सीटपर्यंत. गाडी भिंतीला सरळ लावून.

मेहुणा : वर कुणी बसलेलं नसताना?

शिंपी : कापायच्या वस्तूवर कोण बसेल?

मेहुणा : माणूस बसलं की स्प्रिंगा दबतात. गाडी स्वतःच खाली जाते. तेवढं तर आपोआप मिळतं.

शिंपी : कापड असं कधी करत नाही.

मेहुणा : आणि ताईच्या पायाची लांबी?

शिंपी : ती तोंडपाठ आहे म्हटलं ना. जांघेपासून घोट्यापर्यंत.

मेहुणा : घोट्यापर्यंत?

शिंपी : हो.

मेहुणा : आणि घोट्याखाली?

शिंपी : घोट्याखाली काय? पॅंट तिथं संपते.

बायको : पॅंट संपते हो! मी संपत नाही! खाली पाऊल आहे मला, त्याखाली बूट आहे!

मेहुणा : ताई, हसू नकोस, गाडी हलतेय.

बायको : मी हसत नाहीये.

मेहुणा : बरं, उतर. उतर सावकाश. दाजी, अडचण उंचीची नव्हती. सीट पुढच्या बाजूला रुंद आहे, त्यामुळे मांड्या फाकतात आणि पाय तिरका खाली येतो. नुसत्या कडा एकेक बोट आत घेतल्या असत्या तर पाय सरळ सुटला असता. वरची रेषाही तशीच राहिली असती. आम्ही ते करणारच होतो, ही ट्रिप झाली की.

शिंपी : कडा आत घ्यायच्या होत्या? अरे, ते तर माझं रोजचं काम आहे.

बायको : मग विचारायचं होतं.

शिंपी : थांबा, अजून काही गेलेलं नाही. कापलेला स्पंज मी टाकलेला नाही, चिंध्यांच्या पोत्यात आहे. चिकटवतो. वरून नवं रेक्झिन, तशाच आडव्या शिवणी. आज बसलो तर सकाळपर्यंत…

मेहुणा : चिकटवलेल्या स्पंजाची गाठ लागते, दाजी. तासाभरानं बूड दुखायला लागतं. अख्खा स्पंजच नवा टाकायला लागेल. बाजारात एक जण सीटांचंच काम करतो, पण आठवडा घेईल.

शिंपी : मी करून तर बघतो. थोडं इथून, थोडं…

बायको : हात लावू नका.

शिंपी : अगं, पण मीच बिघडवलीय, तर मीच…

बायको : हात लावायचा नाही म्हटलं ना! ही पॅंट पाहिलीत? तुम्ही शिवलीत. साड्यांवरचे ब्लाऊज, परकर तुम्ही शिवलेत. रेनकोटसुद्धा विकतचा आणला तर तुम्ही बाह्या उसवून परत लावल्यात, कारण त्या तुम्हाला बघवेनात. लग्न झाल्यापासून मी दुकानातून घेतलेली एकही वस्तू जशीच्या तशी अंगावर घातलेली नाही. चांगलं बसतं सगळं. बायका विचारतात, कुठून शिवलंस. मी काही बोलले का कधी?

शिंपी : नाही.

बायको : गळा केवढा हवा, बाही केवढी हवी, गिऱ्हाइकाला विचारता. मला कधी विचारलंत?

शिंपी : तुझं मला माहीत असतं.

बायको : तेच. ही एक गाडी होती जी कुणीतरी, कुठंतरी, मला न बघता बनवली होती. मला ती जराशी मोठी होती. होऊ दे की! मी सरकून, वाकून, पडून शिकत होते. तिच्या मापात मी स्वतःला बसवत होते. बरं वाटत होतं मला त्यात.

शिंपी : पडण्यात बरं वाटत होतं?

बायको : जाऊ द्या.

मेहुणा : ताई, उद्याचं काय मग?

बायको : तुम्ही जा सगळे.

मेहुणा : माझ्या मागे बस ना. एवढे दिवस वाट बघितलीस.

बायको : मागेच बसायचं असतं तर ह्यांची स्कूटर होती. जा तू. चेनला तेल तेवढं घालून जा, आला आहेस तर.

मेहुणा : घालतो. दाजी, जरा ते फडकं द्या.

शिंपी : हे घे. अं, नको, हे अस्तराचं आहे. हे घे.

बायको : परवा मी सीट काढून त्या बाजारातल्या माणसाकडे नेणार आहे.

शिंपी : मी येऊ?

बायको : कशाला?

शिंपी : उचलायला. जड आहे ती.

बायको : या. पण तिथं तोंड उघडायचं नाही. माप तो घेईल, आणि कसं हवं ते मी सांगेन.

शिंपी : नाही उघडत. पण त्यानं विचारलं, ही आधी कुणी शिवली, तर?

बायको : सांगेन. घरच्याच माणसानं.

शिंपी : म्हणाला, वाईट शिवलीय, तर?

बायको : नाही म्हणणार. शिवलीय चांगलीच. त्याचाच तर वैताग आहे.