फळीच्या पलीकडे

म्हणे, दुकानाच्या फळीपलीकडे पाय टाकायचा नाही! आणि का, ते विचारायचं नाही! अहो, तुम्हाला सांगते, सॅक्सनीच्या डोंगरातलं आमचं गाव, तिथल्या ख्रिसमसच्या बाजाराला थेट जपानहून माणसं येतात, आणि मी, थेक्ला, तिथेच जन्मलेली, तेवीस वर्षांची घोडी झाले, मी तो बाजार कधी पाहिलाच नाही! कारण चौकात आमचंच दुकान... पोटात धूप ठेवला की तोंडातून धूर सोडणारे लाकडी म्हातारे विकतो आम्ही. मला दिसतात ती फक्त गिऱ्हाइकांची लाल नाकं! आजी म्हणते, "आपण विकणारी माणसं, फिरणारी नव्हे." का, ते विचारायचं नाही!

यंदा तर अख्खं दुकानच माझ्या गळ्यात घालायचं घाटत होतं, आणि इकडे माझ्या खिशात ड्रेस्डेनच्या नोकरीचं पत्र! घरी सांगू कधी? आजी बोलू देईल तर ना! शेवटी शनिवारी दुपारी एकेहार्टकाका दोरी शोधायला खाली वाकला, आणि मी टोपी नाकापर्यंत ओढून मागच्या दाराने पसार!

अहो, काय तो बाजार! बाजार कसला, चेंगराचेंगरी! गरम वाइनचा कप हातात पडतो न पडतो, तोच कुणाचं तरी कोपर लागून अर्धी वाइन माझ्या बाहीत! सॉसेज खायला तोंड उघडावं, तर पुढच्याच्या टोपीचा गोंडा तोंडात! सगळे आपले उजवीकडूनच फिरतायत... का, ते विचारायचं नाही! मागचे म्हणतात, "चला हो, पुढे चला!" पुढचे खेकसतात, "ढकलताय काय?" मी कुठे ढकलतेय? माझे पाय तरी जमिनीला लागतायत का? मी तरंगतेय! आणि तरंगत तरंगत कुठे येऊन लागले असेन? आमच्याच दुकानासमोर!

आजी वाइन पीत होती, चष्म्यावर ही वाफ! मला म्हणते, "या बाई, हात लावून बघा, लाजू नका! हा धूर सोडणारा खाणकामगार आमच्या नातीने रंगवलाय. पुढच्या वर्षीपासून दुकान तीच बघणार."

"तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? चार वर्षं लाइपझिगला शिकलीय, तिला काय कळतंय?"

काढलीच मी टोपी! काका किंचाळला, "थेक्ला? तू तिकडे काय करतेस? आत ये आधी, रांग लागलीय!"

"नाही येणार, काका. आणि आजी, दुकानही नाही घेणार. जानेवारीपासून मी ड्रेस्डेनला नोकरीला चाललेय."

आजी गप्प. काका गप्प. रांगसुद्धा गप्प हो! आमच्या दुकानात अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती... आणि त्या शांततेत मला चौकातला बँड पहिल्यांदा नीट ऐकू आला. काय सांगू तुम्हाला... भयंकर बेसूर वाजवतात!