लग्न अर्ध्यावर थांबवणारा माणूस

सन्माननीय अध्यक्ष महाराज, म्हणजेच आमच्या वाहिनीचे मालक. व्यासपीठावर मांडीवरचे पुष्पगुच्छ सांभाळत बसलेले मान्यवर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आमचे कार्यक्रमप्रमुख साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी. पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या सासूबाई. आणि चहा कधी येणार या विवंचनेतही चेहरे प्रसन्न ठेवणाऱ्या रसिक श्रोतेहो, सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

ओळखलंत ना मला? आता केस पांढरे झालेत, पण आवाज तोच आहे. तुमच्या घराघरांत वर्षानुवर्षं शिव्या खाल्लेली ती खाष्ट सासू म्हणजे मीच. त्या मालिकेने मला काय काय दिलं म्हणून सांगू! दाताच्या डॉक्टरांनी तोंडात पक्कड घातल्यावर मला विचारलं होतं, "सुनेला घरात कधी घेणार?" मी डोळ्यांत पाणी आणून मानेनेच 'उद्या' म्हटलं, तेव्हा कुठे दात निघाला.

संयोजकांनी मला बजावलंय, साहेबांची कारकीर्द आणि समाजसेवा यांवर बोला, आणि थोडक्यात बोला. यातलं पहिलं मी करते.

वहिनी, आधी तुमची क्षमा मागते. वाहिनी आणि वहिनी यांत फरक एका कान्याचा. पण साहेबांनी सारा जन्म त्या कान्यालाच वाहिला. हवामानाच्या नकाशावर पुठ्ठ्याचे ढग चिकटवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि कार्यक्रमप्रमुख झाले. स्वभाव मात्र ढग चिकटवणाऱ्याचाच राहिला. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी. त्यांचं एक वाक्य या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे: "थापा मारायच्या तर मालिकेत मारा, बाकी पडद्यावर खरं तेच जाईल." एकदा हवामानाच्या निवेदकाने सांगितलेला पाऊस पडलाच नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याला प्रेक्षकांची माफी मागायला लावली. तो बिचारा माफी मागत होता आणि खिडकीबाहेर धो धो पाऊस कोसळत होता!

तर अशा या सत्यवचनी माणसाने एकदा साऱ्या गावाला थाप मारली. ती हकीकत सांगायलाच मी आज उभी आहे.

आमच्या मालिकेत त्या संध्याकाळी लग्न होतं. कित्येक महिने लांबलेलं, दोनदा मोडलेलं लग्न. रस्ते ओस पडले होते. नेमकी त्याच संध्याकाळी नदी चढायला लागली. वरचं धरण भरलं होतं आणि दरवाजे उघडावे लागणार होते. नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांना टेकडीवरच्या शाळेत हलवायचं ठरलं. अधिकारी भोंगा घेऊन गल्लीगल्लीतून फिरले. लोकांनी दारं किलकिली करून सांगितलं, "हो हो, निघतो. तेवढं लग्न लागू दे."

हसू नका! तुमच्यातले निम्मे तिथेच होते.

त्या वस्तीतच साहेबांच्या सासूबाई एकट्या राहायच्या. साहेबांनी त्यांना फोन लावला. मी पुढच्या भागाच्या चित्रीकरणासाठी नटूनथटून तिथेच बसले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"आई, निघा आधी. गाडी पाठवलीय."

"लग्न लागल्याशिवाय मी जागची हलणार नाही," पलीकडून आवाज आला. तो ऐकायला फोनची गरज नव्हती.

"अहो आई, पाणी येतंय!"

"येऊ दे. तुमच्या लग्नातही आलं होतं. आपण थांबवलं का?"

साहेब रडकुंडीला आले. "आई, माझं नाही ऐकत, मग ऐकता तरी कुणाचं?"

"मी कुणाला भीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "टीव्हीवरची ती सासू सोडली तर. ती बया समोर आली की मी आपोआप उठून उभी राहते."

साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. खाटीक बकऱ्याकडे पाहतो ना, तशी.

"चला," म्हणाले.

"कुठे?"

"पडद्यावर. आत्ता."

नवरदेवाने हार उचलला होता. तो नवरीच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात साहेबांनी लग्न थांबवलं. मालकांना विचारलं नाही, जाहिरातदारांना विचारलं नाही. मी बातम्यांच्या टेबलामागे, अंगभर खोटे दागिने, कपाळावर आठ्यांचं रेखाटन. घाबरून विचारलं, "साहेब, माझे संवाद कुठायत?"

ते म्हणाले, "सुनेला घराबाहेर कसं काढता? तसंच सगळ्या वस्तीला काढा."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. "बसलात काय असे! उठा! नदी दारात आलीय आणि तुम्ही लग्नं बघताय? निघा घरातून! म्हाताऱ्यांना हाताला धरा, पोरं कडेवर घ्या, आणि टेकडीवरच्या शाळेत चालते व्हा! मी मोजतेय, कोण मागे राहतंय ते!"

तरी अधिकाऱ्यांचा निरोप आला की लोक दारापर्यंत येतात, मागे वळून टीव्हीकडे बघतात आणि परत बसतात. तेव्हा माझ्या कानातल्या यंत्रात साहेबांचा आवाज आला. जरा कापरा होता. "सांगा, लग्न शाळेत मोठ्या पडद्यावर लागेल. आणि सांगा... नवरी बदललीय."

मी सांगून टाकलं. "घुंगटाखाली कोण आहे, ते शाळेत येईल त्यालाच कळेल!"

काचेपलीकडे आमचे लेखक डोक्याला हात लावून मटकन खाली बसले. आणि नदीकाठी, अध्यक्ष महाराज, वस्ती उठली. अशी उठली की अधिकाऱ्यांना बाजूला व्हावं लागलं. अंधार पडायच्या आत शेवटची गाडी टेकडी चढली. नंतर पाणी आलं आणि घरांच्या खिडक्यांपर्यंत चढलं. माणूस एकही गेला नाही. एकही नाही.

शाळेत लग्न दाखवलं. नवरी अर्थातच तीच होती, चित्रीकरण आधीच झालेलं! "फसवणूक!" म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडलं कोण असेल?

("मीच ओरडले! अजून म्हणते, फसवणूकच!")

ऐकलंत? पहिल्या रांगेतून दुजोरा आला. लेखकांना पुढे नवरीची जुळी बहीण आणावी लागली आणि मालिका आणखी लांबली. तुम्ही जे भोगलंत, त्याचं मूळ हे असं आहे.

आता जरा अवघड भाग. अध्यक्ष महाराज, पाणी प्या हवं तर.

सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या आणि साहेबांना वाहिनीने काय दिलं? बदली. वरच्या मजल्यावरून तळघरात, जुन्या चित्रफितींच्या कोठारात. न विचारता कार्यक्रम तोडला आणि प्रेक्षकांना खोटं सांगितलं, हे कारण. साहेब दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तळघरात हजर. मी तावातावाने भांडायला निघाले, तर मलाच म्हणाले, "बाई, खोटं बोललो हे तर खरंच ना?"

वस्ती अजून शाळेतच होती. साहेब रोज काम आटोपून तिथे जायचे, कुणाला काय हवं-नको ते बघायचे. एकदा एक बाई त्यांना म्हणाली, "भांडी मिळतील हो. पण आमच्या ह्यांचा फोटो गेला. एकच होता. आता चेहरा आठवायला बसलं की नाकापर्यंतच आठवतो."

साहेबांनी विचारलं, "काय करायचे ते?"

"पुलाच्या कामावर होते."

त्या पुलाच्या उद्घाटनाची बातमी आमच्याकडे होती. साहेबांनी तळघरात फिती उपसल्या. मंत्री फीत कापतायत, लोक टाळ्या वाजवतायत, आणि मागून एक माणूस टोपी सावरत, कॅमेऱ्याकडे बघून हसत निघून जातो. पापणी लवावी एवढाच वेळ. त्या बाईला तळघरात आणून बसवलं, तेव्हा मी होते तिथे. तिने ते पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मेल्याने त्या दिवशीही दाढी केली नव्हती."

मंडळी, मी पडद्यावर पोत्याने रडलेय. त्या दिवशी मला ग्लिसरीन लागलं नाही.

मग रीघच लागली. कुणाची आई बाजाराच्या बातमीत भावावरून हुज्जत घालताना सापडली, कुणाची मुलगी शाळेच्या संमेलनात झाड होऊन उभी असलेली. साहेब एकेक चेहरा शोधायचे, फितीवरून त्याचा फोटो काढून घरी नेऊन द्यायचे. पुढे शिक्षा संपली तरी हे संपलं नाही. आजवर सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी तळघरात घालवलाय. समाजसेवा म्हणतात ती हीच. फलकावर लिहायला जरा अवघड आहे, एवढंच.

शिक्षा संपली कशी, तेही सांगते. एके सकाळी सासूबाई मालकांच्या दालनात शिरल्या. म्हणाल्या, "मी त्यांची सासू. आमचं कधीच पटलं नाही, तेव्हा माझं म्हणणं निःपक्षपाती धरा. त्या माणसाने मला फसवून जिवंत ठेवलं. त्यांना वर घ्या, नाहीतर मी रोज इथे येऊन बसेन." मालकांनी वहीपेन काही न उघडता तत्काळ निर्णय घेतला. दूरदृष्टी म्हणतात ती ही!

आता साहेब निवृत्त होतायत. आणि माझ्या कानावर असं आलंय की तळघरही रिकामं होणार आहे. तिथे वाहनतळ करायचा विचार आहे म्हणे. जुन्या फिती भंगारात.

अध्यक्ष महाराज, मी कलाकार बाई, मला व्यवहार कळत नाही. पण या सभागृहात कितीतरी जणांची माणसं त्या तळघरात हसतायत, चालतायत, हुज्जत घालतायत. त्यांना आपण गाड्यांखाली घालणार का? साहेब स्वतः मागणार नाहीत, म्हणून मी मागते. शाल-श्रीफळ राहू द्या, त्यांना त्या कोठाराची किल्ली द्या.

मागच्या रांगांतले लोक उभे राहतायत, अध्यक्ष महाराज. ते चहासाठी नाही उठलेले. ती पुलाची बाईही उभी आहे बघा, खांबाजवळ.

आपण मान हलवलीत. उभी हलवलीत ना? कॅमेरावाले दादा, घेतलंत का? घेतलं म्हणतायत. जपून ठेवा बरं ती फीत, तळघरात.

साहेब, आता डोळे पुसा. आपल्याला दीर्घायुष्य लाभो, आणि वहिनींना त्यातलं थोडं तरी मिळो. संयोजकांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी ठेवला गेला असेल, तर सुनेने सासूला करावं तसं मोठ्या मनाने माफ करा.

धन्यवाद. चहा आलाय.