अंबूअक्काचा ठोकळा

दोन हजार तेवीस, फेब्रुवारी महिना, शिवरात्रीच्या आधीचा आठवडा, थंडी सरलेली आणि ऊन अजून तापायचं होतं — तेव्हाचं काम आहे हे. माझंच. तळाला बघ, तीन रेघा, ती माझी खूण. पण ठोकळा काय म्हणतेस पोरी? ठोकळा मी जन्मात केला नाही. शाळा चौथीत सोडली, पन्नास वर्षं लेथसमोर उभा आहे, पण बिनकामाची वस्तू या हातातून गेली नाही. हा डबा आहे. झाकणाचा डबा. — सांधा दिसत नाही? नाहीच दिसणार. दिसला तर तो देवाप्पा कातारी कसला? बस त्या स्टुलावर. पुसून बस, भुसा आहे.

अंबूअक्काची सून ना तू? अजितची बायको, पुण्याची. शुभदा. नाव ऐकलं होतं, तोंड आज बघतोय. त्या शहराच्या पार त्या टोकाला, बेळ्ळंदूरला गेल्या त्या गेल्याच — इथे बसवनगुडीत आमची भिंतीला भिंत होती, एकतीस वर्षं. आणि असे दहा पाहिजेत म्हणतेस? ऑफिसातल्या लोकांना द्यायला? दहा ठोकळे! काय करतील ते, उशाला घेतील? — आणि याच लाकडाचे. लाकूड आहे, नाही कसं? त्या कोपऱ्यात बघ, ते सगळे ओंडके तुमच्याच दारच्या झाडाचे. कोरमंगलाची हॉटेलवाली पोरं दोनदा येऊन गेली, वाट्या करून द्या म्हणाली. नाही म्हटलं. तुलाही नाही. का म्हणजे? रीत आहे. आमच्या घरात कातारी ज्याच्या दारचं झाड घेतो, त्या झाडाची पहिली वस्तू त्याच घराला देतो. चांगली, वापरायची वस्तू. ती दिली की बाकीचं लाकूड कातायला मोकळा. नाही दिली तर देणं राहतं, आणि देणं आहे तोवर त्या लाकडाला पटाशी लावायची नाही. — दिली की, म्हणतेस. ही काय. हां. ही काय.

चहा घेणार? नको तर नको.

ऐक. तुमच्या अंगणात लाल देवदार होता. हिमालयातला नव्हे, आपल्या घाटातला. घर बिल्डरला दिलं, झाड पडलं — सकाळी कापलं, दुपारी ओंडके माझ्या दारात. अंबूअक्का म्हणाल्या, अण्णा, लाकूड तुम्हीच ठेवा, मला एक डबा तेवढा द्या, रविवारी आम्ही निघतो. वार मंगळवार. आता ताजा कापलेला देवदार म्हणजे काय ते तुला कळायचं नाही — लेथवर चढवला, पटाशी टेकवली की लोणी! ढलप्या हातभर लांब, ओल्या, मनगटाला गुंडाळतात, तोंडावर पाणी उडतं, आणि वास असा की रस्त्यावरचा माणूस आत डोकावून विचारतो, पूजा आहे का हो? वाळलेल्या लाकडात ती मजा नाही. पण ओलं लाकूड लबाड. आज गोल कातलं की दोन महिन्यांनी लांबट होतं, एका अंगाने आकसतं. म्हणून दोनदा कातायचं. पहिल्यांदा बोटभर जाड ठेवायचं, त्याच्याच ढलप्यांत पुरायचं, गोणीचं तोंड बांधायचं आणि वर्षभर विसरायचं. मग दुसऱ्यांदा. माझ्या बापाने हे मला लेथला हात लावू द्यायच्या आधी सांगितलं होतं.

मग मी का नाही केलं तसं? अगं, रविवारी निघायच्या होत्या त्या. अक्का, वर्षाने या — असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. एकतीस वर्षांत त्या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझी बायको गेली तेव्हा चार महिने ताट आलं भिंतीवरून. विचारलं नाही, बोलून दाखवलं नाही, ताट आलं. त्या बाईला मी वर्षाने या म्हणू? शनिवारी डबा तयार. झाकण एका बोटाने निघायचं, एका बोटाने बसायचं, बसताना आतली हवा फुस्स करायची. चार वेळा उघडून बघितलं त्यांनी. हसल्या. देवदाराचाच हवा होता त्यांना, मिश्रीचा वास दबतो म्हणून —

काही नाही. दात घासायची पूड. — नाही गं, तंबाखूची कसली. बरं, तंबाखूची. निपाणीची बाई आहे ती, तिथे लहानपणापासून बोटाला लागते. हे मला बोलायचं नव्हतं. तू ऐकलं नाहीस. सरी? बरं?

तर पावसाळ्याच्या तोंडाला फोन. अण्णा, झाकण निघत नाही. मला लगेच कळलं. तोंड एकीकडे लांबट झालं असणार, झाकण दुसरीकडे, बसलं ते बसलं. आणि मी काय म्हटलं? तुमच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या हवेचा दोष, म्हटलं. एसी लावता, खिडक्या लावून घेता, लाकूड काय करेल? माझ्या कामात खोट नसते. — बरं अण्णा, म्हणाल्या, आणि फोन ठेवला. परत केला नाही. मीही नाही केला. मी का करू?

आणि तुला काय म्हणाल्या त्या? परत सांग. शोभेचा ठोकळा आहे, अण्णांनी मुद्दाम तसा केलाय — असं? देवाशेजारी ठेवलाय? पाहुणे आले की हातात देतात, बघा किती गुळगुळीत? दोन वर्षं? अजितलाही माहीत नाही?

कुणालाच नाही सांगितलं?

दे तो इकडे. फोडत नाही, घाबरू नको. सरक स्वल्प. लेथवर धरायचा, सांध्यावर केसभर पटाशी, बस — हां. निघालं. मागे हो, नाक पुढे करू नको म्हटलं ना! पुडी तशीच आहे बघ. दोन वर्षं ती बाई मिश्रीवाचून — छे, दुसरी आणली असेल. तांदळाच्या डब्यात बघ. नको, बघू नकोस.

आता त्या फळीवरचं गाठोडं काढ. उंच आहेस, हात पुरेल. सोड गाठ. — हो, तसाच आहे. त्याच झाडाचा. फोन ठेवला आणि त्याच दुपारी ओंडका चढवला. टोकांना मेण लावून ठेवलं होतं, आतून ओला होता अजून. यावेळी रीतीने. दर महिन्याला शेजारच्या भाजीवालीच्या तराजूवर जोखायचा — हसायची ती, अण्णा, भोपळा कसा दिला? — वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. मग दुसऱ्यांदा कातला. उघड. एका बोटाने. बघितलंस? फुस्स.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाला. वर्ष होऊन गेलं. दिला का नाही? बेळ्ळंदूर काय इथे आहे? दोनदा गेलो स्टॉपपर्यंत, हातात गाठोडं घेऊन. बसला गर्दी होती. — नव्हती गर्दी. नुसता डबा देऊन काय होतं? घरात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, ते तोंडातून निघेना.

घेऊन जा तू. नवीन केलाय सांग. का, कसं, काही नको. — तू कोण मला विचारणार? माझ्या नातीएवढी तू. काय? अर्धंच देणं फिटतं? पुण्याची शोभतेस. — कुणाला लावतेस? ठेव तो फोन. इथे आवाज येत नाही नीट. शुभदा, ठेव म्हणतो ना. वाजतोय? … दे.

अक्का? देवाप्पा बोलतोय. हां, सून इथेच आहे. हां, डबा उघडला. नाही, नाही, तिने काही बघितलं नाही. अक्का, थांबा, मला बोलू द्या. हवेचा दोष नव्हता. लाकूड ओलं होतं, मला माहीत होतं, तरी दिलं, आणि वर तुम्हाला बोललो. खोट माझी होती. — नवा पाठवतोय.

घे तुझा फोन.