गीझरचा काटा

धारवाडच्या बसमध्ये बसल्यावर रेवतीच्या लक्षात आलं, पुढच्याच सीटवर तिचे सासरे मधुकरअप्पा शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारत होते.

"आमच्या सुनेनं केलं हो सगळं. आमचा गीझर पंचाहत्तरवर असायचा. कडकडीत पाणी काढायचं आणि त्यात बादलीभर गार ओतायचं!"

"आमच्याकडं तेच चाललंय की."

"तिनं काटा पन्नासवर आणला. वर टायमर बसवला. पहाटे तासभर चालतो नि आपोआप बंद होतो."

"मेकॅनिक कुठला बोलावलात?"

"मेकॅनिक कशाला? मेन बंद करून स्वतः स्टुलावर चढली. मी खालून ओरडत होतो, हे बायकांचं काम नव्हे म्हणून."

"मग?"

"मग काय! थंडीतसुद्धा सगळ्यांना ऊन पाणी पुरलं आणि बिल चांगलंच उतरलं. आता गल्लीतले लोक तिलाच बोलावून नेतात."

"हौदा! खरंच की काय? मग सुनेला शाबासकी दिलीत की नाही, अण्णा?"

"तोंडावर कसं सांगायचं हो?"

"सांगा की अप्पा," रेवती म्हणाली, "मी मागंच बसलेय."

अप्पा दचकून वळले. मग शेजाऱ्याचा हात धरून म्हणाले, "बघा, हीच ती."