कडू थेंबाचा उपास

काय सांगू तुमाले, आमचे बाबा रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीहून रायपूरले आले, मी इथलाच, सदर बाजारात कापड मोजण्यात जन्म गेला, आणि घरच्या लग्नात गोष्टी सांगायचं बिनपगारी काम माझ्याचकडे. डावा डोळा काचबिंदूनं नेला. सिनेमाले अर्धंच तिकीट मागीन म्हणतो मी. उजव्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचा थेंब टाकतो, त्याच्या भरवशावर तो टिकून आहे.

मग पित्ताशयात खडे निघाले. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन. आदल्या रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, पाणीही नाही. आता आमची बायको सुमन म्हणजे हरतालिकेले आवंढासुद्धा विचार करून गिळणारी बाई. सकाळी मी बाटली उचलली तर हात धरला तिनं. अहो थांबा, हा थेंब मागून घशात कडू लागते म्हणता ना? म्हटलं हव, लागते. मग उपास मोडला ना! मलेही पटलं. बाटली पिशवीत गेली.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, मराठीच. काका, डोळ्याचं औषध टाकलं ना आज? म्हटलं नाही, उपास आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, भूल दिल्यावर श्वासाची नळी घशात घालतो, तेव्हा डोळ्याच्या आतला दाब चढतो, जागं होताना खोकला आला, उलटी झाली, तरी चढतो. धडधाकट डोळा सोसून घेतो, तुमचा आधीच झिजलेला, आणि एकच. काय सांगू, पोटाची भीती तिथंच राहिली, डोळ्याची सुरू झाली. सुमन पदर तोंडाशी धरून उभी. आमची पोट्टी इथं हिंदीतच वाढलेली, तिले म्हणे, मम्मी, रोओ मत, अभी डाल दो ना.

बाई म्हणाल्या, डोळ्यातल्या थेंबानं उपास मोडत नाही, आत्ता टाका, मी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलते, तुम्हाला दुपारी घेऊ. थेंब सुमननंच टाकला. घाईत पहिला गालावर गेला. म्हटलं, गालाले काचबिंदू नाही झाला अजून. दुसरा तिनं बरोबर डोळ्यात टाकला.

जाग आली तेव्हा डोळा उघडायचीच हिंमत होईना. सुमन म्हणे, अहो, काहून मिटून राहिले, पाहा ना माझ्याकडे. उघडला. आधी सगळं धुकट, मग तिचं कुंकू दिसलं, रडून पुसलेलं, पार भुवईपर्यंत आलेलं. इतकं नीट दिसलं की मलेच रडू आलं.

आता रोजचा थेंब तीच टाकते. हरतालिकेले स्वतः निर्जळ असते, तरी मले समोर बसवते, थेंब टाकते आणि वाट पाहत राहते. कडू लागला? म्हणतो हव, लागला. मगच उठते. तुमचे दोन्ही डोळे देव सुखात ठेवो, बापा.