रेडिओ लावू नकोस

फ्रेस्नो शहरातल्या धूर-तपासणी केंद्रात गाडी आत दिल्यावर बाहेरच्या बाकावर ओफेलिया आणि तिचा नवरा रुफिनो कुजबुजायला लागले, तशी मागे आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या इट्झेलने कानच टवकारले.

"गाडी पुन्हा नापास झाली, तर द्राक्षांच्या कामावर कशी जाऊ मी?"

"इंजिनच्या बिघाडाचा दिवा विझावा म्हणून मी बॅटरीची तार काढली, तेच चुकलं."

"शहाणाच आहेस! गाडी आधीच्या तपासण्यांची सगळी नोंदच विसरली."

"म्हणून तर रोज हायवेवर एकसारख्या वेगात नेली ना? चालता चालता ती आपला धूर आपणच तपासते."

"काय सांगतोस! आपण भांडत होतो तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"अगं बाई!"

"रुफिनो, सगळ्या चाचण्या पूर्ण. गाडी पास!" आतून हाक आली.

"ऐक, जाताना रेडिओ लावू नकोस."

"का गं?"

"गाडीचं तपासायचं काम चाललेलं असेल. ऐकू दे मला."