‘यशस्वी’, आणि पुढे कोरं

‘नवीन लग्न झालंय, तिचं लक्ष कुठे असणार कामात!’ — अगदी हेच शब्द, दादा. एसीची ही जाळी तुम्ही काढून ठेवलीत ना, त्यातून पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. त्यांना ते ठाऊक नाही. नाही, नाही, तुम्ही चालू द्या, मी आपली बोलतेय. सर्व्हरवाले साहेब म्हणाले, मोठे साहेब हसले, आणि सर्व्हरवाले त्याहून जोरात हसले.

काम काय, म्हणताय? सोपं आहे. दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटचा नंबर टाकला की माझा प्रोग्राम आमच्या मुख्य सर्व्हरला विचारतो — या बाईंचा विमा चालू आहे का? तिथे दारातच एक वेब सर्व्हिस असते. ती प्रश्न घेते, आतल्या मोठमोठ्या प्रोग्रामांकडे नेते, उत्तर आणून देते. आणि सध्या काय आणून देते? ‘यशस्वी’. बस! पुढे कोरं. विमा आहे की नाही, काही पत्ता नाही. वर सर्व्हरवाले साहेब छाती काढून सांगतात, बघा, आमच्याकडून यशस्वी आलंय, म्हणजे घोळ तिच्याकडे. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार — आणि मग मला नोकरीत कायम कशाला करतील?

पण घोळ कुठेय ते मला कळलंय हो! मुद्दाम नसलेला नंबर पाठवला — ‘यशस्वी’. नंबराच्या जागी नुसती अक्षरं पाठवली — तरी ‘यशस्वी’! म्हणजे आत काहीतरी कोसळतंय, आणि ही दारातली ते गिळून हसत सांगतेय, सगळं छान चाललंय. असं कोण करतं? ... मी करते. आईचा फोन आला की. ‘कशी आहेस गं?’ — ‘मजेत.’ सासूबाई शेजारीच असतात ना. नवरा — चांगला आहे हो तो, पण मी नोकरी सोडणार असं त्यानं घरात परस्पर सांगून टाकलंय. आणि मी काय केलं? मान हलवली. म्हणून तर इथे कायम व्हायचंय, मग कुणी सहज — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे!

थांबा. आले दोघे साहेब, इकडेच. ती जाळी एवढ्यात लावू नका, त्यांनाही दिसू दे.

नाही साहेब, मी माझा प्रोग्राम आता पुन्हा तपासणार नाही. तुमचा आतला कोड उघडा. इथे, माझ्यासमोर. आणि माझ्या लग्नाबद्दल काही म्हणायचं असेल, तर तेही इथेच म्हणा.